पानावर नसलेली मुलगी

सकाळचा चहा होऊन भांडी अजून तशीच पडली होती, तेवढ्यात प्रकाशनसंस्थेतून संपादकांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी सांगून टाकलं, "बाई, एकशे बारा पानावर मुलगी नाहीये हो." सूचीबाईला वाटलं, झाली याची चेष्टा सुरू. हा माणूस फोनवर कधी सरळ बोलला तर शपथ. पण संपादक आज हसत नव्हते. "तुमच्या सूचीत 'म'मध्ये नोंद आहे, 'मुलगी, धाकटी'. पुढे पानांचे आकडे. मी सगळी पानं काढून पाहिली. तिथे मुलगा आहे. धाकटा मुलगा. मुलगी औषधालासुद्धा नाही." "असं कसं होईल?" ती म्हणाली. "तेच म्हणतोय मी. इतक्या वर्षांत तुमची चूक सापडली नव्हती, आज सापडली म्हणून खरं तर मी पेढे वाटायला हवेत. आणि दुसरं, 'श्रवणभास' या नोंदीखाली त्या सातव्या बाईची पानं घालायची राहिलीयत. लेखिकेनं मुद्दाम कळवलं होतं ते. संध्याकाळपर्यंत दोन्ही नीट करून पाठवा, फाइल छपाईला जायची खोळंबलीय." ती बरं म्हणाली, फोन ठेवला, आणि भांडी घासायला घेतली. एक पातेलं घासून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती तेच पातेलं परत घासतेय.

आता सूची करणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तिची नेहमी पंचाईत व्हायची. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात शब्द असतात ना, आणि पुढे पानांचे आकडे, ते कुणीतरी बसून करतं, एवढंच. लोक म्हणायचे, अगोबाई, ते आपोआप होत नाही का? संस्था विद्वानांची पुस्तकं काढायची, वर्षातून दोनदा नवी यादी निघायची, आणि त्या यादीतलं बहुतेक सगळं छपाईच्या आधी या खोलीतल्या टेबलावरून जायचं. या खेपेला नदीच्या गाळावरचं एक होतं, तुरुंगांच्या कायद्यावरचं होतं, मधमाश्यांच्या दिशाज्ञानावरचं, जुन्या नकाशांवरचं, मोठ्या शहरांत एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आकडेवारीचं. प्रत्येक पुस्तक ती दोनदा वाचायची. पहिल्यांदा माणसासारखं, दुसऱ्यांदा सूचीसाठी. दुसऱ्या वाचनात अर्थ लागत नसे, फक्त शब्द वर यायचे, डाळ धुताना सालपटं वर येतात तसे, आणि हात ते टिपून घ्यायचा. परिणाम असा की तिला सगळ्या विषयांतलं थोडं थोडं यायचं आणि कशातलंच धड येत नसे. गाळ कसा साचतो ते ती कुणालाही सांगू शकली असती, पण तिसऱ्या वाक्याला गाडी अडली असती. संपादकांनी ज्याच्यासाठी फोन केला त्या शेवटच्या पुस्तकाचं मात्र पहिलं वाचन झालंच नव्हतं. वेळ कमी होता, बाबांना त्या आठवड्यात ताप होता, तिने सरळ दुसऱ्या वाचनाला हात घातला. विषय होता जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना ऐकू येणारे आवाज. लेखिकेने अशा माणसांना भेटून लिहिलं होतं, नावांऐवजी आकडे देऊन. म्हणजे सातव्या बाईचं प्रकरण तिने टिपलं होतं, पण वाचलं नव्हतं.

हात पुसून ती टेबलाशी आली आणि एकशे बारावं पान काढलं. खरंच मुलगी नव्हती. सातव्या बाईंचा थोरला मुलगा चौदाव्या वर्षी मेंदूज्वराने गेला. त्या समुद्रकाठच्या एका गावात राहतात. नवरा बस कंडक्टर. धाकटा मुलगा हुशार, अबोल, पुढे शिकायला बाहेर गेला. थोरला गेल्यानंतर काही महिन्यांनी बाई स्वयंपाकघरातल्या भिंतीशी बोलू लागल्या आणि भिंतीतून ठोक्यांनी उत्तरं येऊ लागली. तिने हे शांतपणे वाचलं. या पुस्तकांत माणसांची नावं-गावं बदलतात, धंदे बदलतात, मुलांच्या मुली करतात आणि मुलींचे मुलगे, म्हणजे कुणी ओळखू नये. हे तिला पाठ होतं. पुढच्या परिच्छेदात बाईंचं बोलणं अवतरणात दिलं होतं. 'मी म्हणायची, ओल आलीय रे भिंतीला, अंगावर घेऊन नीज. इतका उघडानागडा झोपायचा तो, काय सांगू. ऐकायचा कुणाचं?' सूचीबाईचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्या 'काय सांगू'च्या आधी तिची आई एक श्वास घ्यायची. तो श्वास पानावर नव्हता आणि तरी तिला ऐकू आला, उजव्या कानामागे, अगदी जवळून. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा. मागे पडदा होता आणि पडद्यामागे खिडकी. मग तिला एकदम राग आला, आणि तो कशाचा, तर कंडक्टरचा. बाबांना बसमध्ये चढलं की मळमळायचं. ते टेलिफोन खात्यात होते, खांबावर चढून तारेला कान लावायचे आणि नुसत्या खरखरीवरून सांगायचे, बिघाड कुठल्या खांबापाशी आहे. पोट कानावर चालवलेल्या माणसाला या लेखिकेने तिकिटं फाडायला लावलं होतं.

दादा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सगळे तिला धाकटी म्हणायचे. तो गेल्यावरही धाकटीच म्हणत राहिले, आता कुणापेक्षा धाकटी ते कुणी विचारलं नाही. तिला त्याची खोली दिली गेली. खोली कसली, स्वयंपाकघराला लागून एक लांबट कप्पा होता, त्यात भिंतीला टेकून पलंग. उशीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. तो जाऊ नये म्हणून ती उशीच्या कडेला झोपायची, आणि मग मान अवघडायची. त्या दिवसांत तिचं बोलणं आटलं. मुद्दाम नव्हे. शाळेत बोलायची, बाबांशी हो-नाही व्हायचं, पण आईकडे पाहिलं की शब्द घशातच बसायचा, कारण आईच्या चेहऱ्यावर सारखी वाट पाहिल्यासारखं काहीतरी असायचं आणि ते आपल्यासाठी नाही असं तिला वाटायचं. दुपारी शाळेतून आली की ती त्या पलंगावर पडायची. बाबा कामावर. पलीकडे आईचा वावर, नळ, पाट सरकवणं, आणि मग एके दिवशी आईचा आवाज, अगदी भिंतीला चिकटून. जेवलास का रे? धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने पाय आखडून घेतले आणि गुडघा भिंतीला लागला. ठक्. पलीकडे सगळं थांबलं. नळसुद्धा बंद झाला. कितीतरी वेळाने आई म्हणाली, "बरं झालं बाई." त्या तीन शब्दांत इतकं सुख होतं की धाकटीला रडू फुटलं आणि तिने उशी तोंडात धरली. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ठोकलं, बोटाच्या पेराने. मग रोजच.

आठ वर्षं हे चाललं. आई विचारायची, डब्यातलं संपवलंस का, पाय दुखतो का अजून, कुणी काही बोललं का शाळेत. धाकटी दादाच्या वतीने उत्तरं द्यायची. तिला ते फसवणं वाटत नसे. दादाला येता येत नाही तर त्याचं काम कुणीतरी करायला हवं, असं काहीसं तिचं गणित होतं. नंतर अक्कल आल्यावर मात्र तिला घाम फुटायचा. पण सुरू केलेलं बंद कसं करायचं? एक दिवस ठोका नाही दिला, की आईच्या दृष्टीने दादा परत गेला. एवढी छाती तिला कधी झाली नाही. अठरावं लागलं, ती वसतिगृहात गेली, आणि जाताना रिक्षेतून ती मागे वळून पाहत राहिली, ते घरासाठी नव्हतं. आता दुपारी भिंत गप्प राहणार होती. सुट्टीत आली तेव्हा आईचं भिंतीशी बोलणं तिने एकदाही ऐकलं नाही. हुश्श म्हणाली ती मनात. थांबलं आपोआप. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. एक लग्न ठरता ठरता मोडलं, त्या माणसालासुद्धा नाही. आई जाऊन आता सहा वर्षं होतील. जाताना आईच्या उशाशी ती एकटीच होती, बाबा औषध आणायला गेले होते, तेव्हा सांगता आलं असतं. आईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं होतं आणि ती म्हणाली होती, पाणी हवंय का.

एकशे चौदावं पान तिने उलटलं. 'धाकटा मुलगा शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यानंतरही ठोके थांबले नाहीत. या अभ्यासातील हा सर्वांत दीर्घकाळ चाललेला अनुभव आहे.' तिने वाक्य पुन्हा वाचलं. मग उठली, दिवा लावला. भर दिवसा दिवा लावायची काही गरज नव्हती. 'भिंतीपलीकडील खोली या काळात रिकामी असे. पाण्याचे नळ, उंदीर, शेजार या शक्यता तपासून वगळण्यात आल्या. घरातील दुसऱ्या व्यक्तीला, म्हणजे पतीला, कधीही काही ऐकू आलेले नाही. म्हणून हा निखळ श्रवणभास मानावा लागतो.' सगळं प्रकरण या बाईवर उभं होतं, आणि तिच्यावरून पुढची दोन. मन स्वतःच आवाज तयार करतं, ते किती वर्षं करू शकतं, याचं हे ठळक उदाहरण. सूचीबाई परत त्या पहिल्या वाक्याकडे आली. थांबले नाहीत म्हणजे काय? ठोके तर मी देत होते. मी नव्हते तेव्हा कोण देत होतं? आणि मग आणखी वाईट विचार आला, की मी होते तेव्हाचे तरी सगळे माझे होते का? तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा ती पलंगावर आडवी झाली होती, अंगात कणकण होती, हात पांघरुणात होते, आणि आई पलीकडून हसत म्हणाली होती, "कळलं रे बाबा, कळलं, किती वाजवशील." धाकटीने काहीच वाजवलं नव्हतं. तापातलं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आता इतक्या वर्षांनी ते परत येऊन समोर बसलं आणि हलेना.

करायचं काम तसं पाच मिनिटांचं होतं. 'मुलगी, धाकटी' खोडायचं. 'श्रवणभास'पुढे आईची पानं घालायची. झालं. उद्या कुठल्याशा ग्रंथालयात कुणीतरी विद्यार्थी 'श्र' काढेल, पानाचा आकडा बघेल आणि आईपाशी पोचेल, तिथे आई, नसलेले आवाज ऐकत, उभी असेल. पण आईला भास होत नव्हते. आईला मुलगी होती. आठ वर्षं तरी आईने जे ऐकलं ते खऱ्या भिंतीवरचं खऱ्या बोटाचं होतं, आणि ती शहाणीसुरती बाई होती, आणि तिला या जाड पुस्तकात वेडी करून बसवायचं काम नेमकं त्या बोटाकडेच आलं होतं. हाताने एवढं ओळखलं होतं तर! डोळ्यांना न विचारता हाताने मुलगी लिहून टाकली होती, आणि 'श्रवणभास'खाली जागा कोरी सोडली होती. पलीकडच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता, बातम्या होत्या. ते ऐंशीच्या पुढे गेले होते, गुडघे गेले होते, दात गेले होते, पण कान शाबूत. तिने त्यांना जेवायला वाढलं, समोर बसली, आणि दोनदा तोंड उघडून दोनदा पाणी प्यायली. "तब्येत बरी आहे ना?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, काम आहे जरा डोक्यात. "तुला काम नसतं कधी?" ते म्हणाले, आणि ताटाकडे वळले.

सूची करणाऱ्याने लेखकाशी बोलायचं नाही, जे काय असेल ते संपादकांमार्फत, असा रिवाज होता. तिने तो कधी मोडला नव्हता. दुपारी तिने लेखिकेला फोन लावला. लेखिकेचा आवाज थकलेला आणि गोड होता. पुस्तक पिकायला बारा वर्षं लागली हो, ती म्हणाली, मी तर आशाच सोडली होती. सूचीत काही अडचण आहे का? "सातव्या बाईंच्या नोंदीची," सूचीबाई म्हणाली, आणि मग तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं सांडून गेली. "ते ठोके मी देत होते," ती म्हणाली. लेखिकेने अगदी हळू विचारलं, "एक ठोका म्हणजे काय होतं?" "हो." "आणि दोन?" "दोन म्हणजे नाही." "हे मी पुस्तकात घातलेलं नाही," लेखिका म्हणाली. "मुद्दामच." ती जरा खोकली. "तुम्ही धाकटी."

"आईला ठाऊक होतं?" सूचीबाईने विचारलं.

"पहिल्याच भेटीत सांगितलं त्यांनी. मी वही काढायच्या आत. म्हणाल्या, सुरुवातीची आठ वर्षं धाकटी ठोकायची, ती धरू नका. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? तर म्हणाल्या, पहिल्याच दिवशी, आईला पोरीचा गुडघा कळत नाही होय. मग मी विचारलं, ठाऊक होतं तर बोलत का राहिलात? त्यावर..." लेखिका थांबली. "मी शब्द दिला होता त्यांना. पण तुम्ही स्वतःच आलात. त्या म्हणाल्या, थोरला गेल्यापासून पोरगी माझ्याशी बोलायची बंद झाली होती. जेवलीस का विचारलं तर मान फिरवायची. भिंतीतून का होईना, उत्तर तर देते. त्याचं नाव घेऊन मी तिलाच विचारायची सगळं."

सूचीबाई टेबलाची कड धरून उभी होती, ती खाली बसली. डब्यातलं संपवलंस का. पाय दुखतो का अजून. पाय तिचा दुखायचा. दादाचा पाय कधीच दुखला नव्हता, शाळेच्या जिन्यात ती पडली होती. कुणी काही बोललं का शाळेत. दादाला कोण काय बोलणार होतं? आठ वर्षं आई तिच्याशी बोलत होती आणि आठ वर्षं ती दुसऱ्याचं टपाल उघडून वाचत असल्यासारखी चोरून उत्तरं देत होती. तिला हसू आलं आणि ते हसू मध्येच फाटलं, आणि फोनवर परक्या बाईसमोर ती मोठमोठ्याने रडली. लेखिकेने तिला रडू दिलं. शेवटी म्हणाली, "त्यांनी घातलेली अट एकच होती. धाकटीचं कुठेही येऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, अहो, ते काढलं तर नुसते नंतरचे ठोके उरतात, त्यांना कारण नाही, मग मला तुम्हाला भास झाले असंच लिहावं लागेल. म्हणाल्या, लिहा की. मला वेडी म्हणा. पोरीला कळलं की मला ठाऊक होतं, तर लाजेनं मरेल ती."

"ते शब्द काढता येतील का? श्रवणभास?"

"नंतरच्या ठोक्यांचं मी काय करू, सांगा," लेखिका म्हणाली. "तुम्ही नव्हतात घरी. ते कुठून आले मला अजून माहीत नाही, मीसुद्धा त्या पलंगावर दोन दुपारी बसले होते, मला काही ऐकू आलं नाही. आमच्यात नियम साधा आहे. एकट्यालाच ऐकू आलं तर तो भास. घरातल्या आणखी एका माणसाने ऐकलं असेल तर मग मला तो शब्द वापरता येत नाही, मला म्हणावं लागतं की आवाज होता, उगम ठाऊक नाही. पण तुमचे वडील माझ्यासमोर म्हणाले, मला कधी काही ऐकू आलं नाही. आई तिथेच बसल्या होत्या. मी आजही सगळं बदलायला तयार आहे, प्रकरण कोसळलं तर कोसळू दे. पण त्यांनी सांगायला हवं."

उन्हं कलली तशी तिने चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाबांच्या खोलीत गेली. रेडिओ बंद केला. बाबांनी वर पाहिलं; रेडिओला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. तिने काही आडवळण घेतलं नाही. "बाबा, आई भिंतीशी बोलायची." ते कपातून फुंकर मारत राहिले. "हं." "एक बाई आली होती घरी, विचारायला. तिचं पुस्तक निघतंय. त्यात लिहिलंय की तुम्हाला काही ऐकू यायचं नाही." फुंकर थांबली. तिला वाटलं, आता हे म्हणतील, मला आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला तेवढी सोय असते. "यायचं," बाबा म्हणाले. "न यायला काय झालं? तारेतली खरखर ऐकणारा माणूस मी. आधी सुट्टीच्या दिवशी ऐकू यायचं, तेव्हा वाटायचं तू आहेस. तू होतीस, नाही का?" ती मान हलवून हो म्हणाली. "मग तू गेलीस. नोकरी संपून मी घरी बसायला लागलो, तर दुपारी तेच. ती विचारायची आणि वाजायचं. मी उठून आत जायचो. पलंग, चादर, कोणी नाही. आल्या पावली परत फिरायचो. काय बोलणार?"

"मग त्या बाईला नाही का म्हणालात?"

"घाबरलो," बाबा म्हणाले. इतकं सरळ, की तिला पुढचं काही विचारता येईना. "ती वहीवाली समोर बसलेली. मला वाटलं, हो म्हटलं की दोघांनाही वेड्यात काढतील. एकाला काढलं तर दुसरा सांभाळेल. असंच काहीतरी वाटलं. तुझी आई माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं मला ऐकू येतं ते. मी नाही म्हणालो, तर तिने मान खाली घातली आणि पदराला बोट गुंडाळत बसली. पुढे बोलायची माझ्याशी, नाही असं नाही. पण मीठ बरोबर आहे का, हे त्यानंतर कधी विचारलं नाही तिने मला. आधी रोज विचारायची." त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीवर नीट बसेना, तिने हात पुढे करून बसवला. "सांग त्या बाईला," ते म्हणाले. "म्हणावं, नवऱ्याला ऐकू येत होतं. पहिल्यापासून. तो खोटं बोलला. लिही असंच."

"सांगते," ती म्हणाली. आई आता त्या नोंदीतून सुटेल. आवाज होता, उगम ठाऊक नाही, हे चालण्यासारखं होतं. 'मुलगी, धाकटी' मात्र आईच्या शब्दासाठी खोडून टाकायची, हे तिने तिथेच ठरवलं. संपादक म्हणतील, बघा, सापडली की नाही चूक. म्हणू देत. ती कप उचलून उठायला लागली तर बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता आणि पकड पोरासारखी घट्ट होती.

"अगं, थांब," ते म्हणाले. "तिचे दिवस झाल्यावर मी त्या घरात एकटाच होतो ना, विकायच्या आधी. तू सामान न्यायला येणार होतीस. मी स्वयंपाकघरात गेलो. उगाच आपला. भिंतीपाशी उभा राहिलो आणि विचारलं तिला. मोठ्यानं विचारलं, लाज वाटली, पण विचारलं. म्हटलं, माझ्यावर राग आहे का तुझा?" ते तिच्याकडे न बघता बोलत होते. खोलीत रेडिओ नसल्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "वाजलं. शपथेवर सांगतो. मी काही वेडा नाही. एकदाच वाजलं, स्वच्छ. मग मी पुष्कळ वेळ उभा होतो, पण परत नाही." त्यांनी मान वर केली. "तुमचं काय ते ठरलेलं असायचं, मला कधी कळलं नाही. मी कधी त्यात नव्हतोच. सहा वर्षं झाली, कुणाला विचारणार? तुला माहीत असेल. एक म्हणजे काय गं?"

ज्या बाईने आयुष्यभर एका शब्दापुढे चुकीचं पान कधी लिहिलं नव्हतं, ती त्यांच्या शेजारी पलंगावर बसली.

"एक म्हणजे नाही, बाबा."

"नाही?"

"नाही. दोन वाजले असते तर हो."

बाबांनी तिचं मनगट सोडलं. ते भिंतीला टेकून बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. मग म्हणाले, चहा गार झाला, दुसरा टाकतेस का. ती कप घेऊन स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि आधणाकडे बघत उभी राहिली, आणि पाणी उकळून निम्मं होईपर्यंत तिने एकदाही भिंतीकडे पाठ केली नाही.